'पण लक्षांत कोण घेतो' आज वाचावी का?

राजवाडा, इंदूर: आजीच्या कपाटात हरिभाऊ आपट्यांची ही कादंबरी सापडली, पानं पार पिवळी पडलीत, इतकी जुनी गोष्ट आता वाचून काही मिळेल का?

उत्तर १: ताई नक्की वाचा! १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः यायची, नायिका यमू स्वतःच सगळं सांगते म्हणून जास्त लागतं, नवरा गेल्यावर जबरदस्तीने केशवपन करतात तिथे मी पुस्तक मिटलं ते दोन दिवस उघडवलंच नाही.

उत्तर २: १८५७ ची बाबा पदमनजींची कादंबरी 'यमुनापर्यटन' पण विधवांवरच आहे पण उपदेश फार, हरिभाऊ घरातली बोलणी ऐकवतात आणि तीच जास्त बोचतात.

राजवाडा, इंदूर: आजीने एका पानावर पेन्सिलने रेघ मारलीये, तिची आत्या जन्मभर आलवणात, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्यात होती. आज रात्रीच सुरू करते.