अंगावर किती दिवस पाजलंत? कशामुळे जमलं, कशामुळे थांबलं?

शेवंती
काल भाचीला बघायला दवाखान्यात गेले. सिझर झालंय, पान्हा फुटायचाय, आणि उशाशी पावडरचा डबा हजर! मला माझे दिवस आठवले. बाळ रडलं की "दूध पुरत नाही", झोपलं की "उपाशीच झोपलं." मोठ्याचं तीन महिन्यांत सुटलं. धाकटीच्या वेळी एक सिस्टर शेजारी बसल्या, बाळ कसं धरायचं ते दाखवलं. म्हणाल्या, सिझरनंतर पान्हा जरा उशिरा फुटतो, तोवर चीक दे, परत परत पाजायला घे, जितकं ओढेल तितकं वाढेल. धाकटी दोन वर्षं प्यायली. तुमचं लिहा, भाचीला वाचायला देणार आहे.

बोरमाळ
रजा!! माझ्या वेळी बाराच आठवडे होती, २६ झाली २०१७ ला. ऑफिसात फायलींच्या खोलीत दाराला खुर्ची लावून पंप करायचे, कोणी ढकललं की पान्हा आटायचा. आता रजा वाढली ते फार चांगलं झालं, पण आमच्या पोळ्यावाल्या ताई सव्वा महिन्यात कामावर आल्या. त्यांना कोण देणार रजा?

माजलगावकर
आमच्याकडच्या बाया कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात. बाळ फडाच्या कडेला झोळीत. दूध भरपूर असतं हो, पण मोळ्या वाहताना मधे थांबून पाजायचं कधी? ट्रॅक्टर भरेपर्यंत लेकरू रडून झोपतं. जीव तुटतो बघून.

अबोली२
शेवंती, भाचीचं अभिनंदन! मुलगा की मुलगी?

शेवंती
मुलगी 😊

खारूताई
माझी जुळी, सातव्या महिन्यातली, काचेच्या पेटीत. मला दूधच नव्हतं. दूधपेढीतून कुणा आयांचं दूध मिळालं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, हे तेव्हा कळलं. ज्यांना जास्त दूध येतं त्यांनी जरूर द्या गं. नंतर मला आलं, पण वरचंही द्यावं लागलं. पोरी ठणठणीत आहेत. वरचं देणाऱ्या आईला बोलू नका कोणी.

अबोली२
खारूताई 🤗

रानवारा
बाबा लिहितोय, चालेल ना? रात्री उठून बाळ तिच्या कुशीत द्यायचं, मग ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा, हे माझं काम. तिची झोप झाली की दूध बरं यायचं. ती म्हणते त्यामुळेच वर्षभर निभावलं.

बोरमाळ
रानवारा, हे घरी वाचून दाखवते 😄

माईआजी
डबा परत पाठवायला सांग. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होतात, वजन वाढतंय, म्हणजे दूध पुरतंय. सहा महिने पाणीसुद्धा नको, गुटी नको, मध तर नकोच. वजन वाढत नसेल तर मात्र डॉक्टरांना विचारून वरचं द्यावं, त्यात हट्ट नको. आणि गाठ धरली तर पाजणं थांबवू नये, ताप आला तर लगेच दाखवावं. (भाजी लावलीये, परत येते.)

केवडा
आमच्या स्टँडवरच्या हिरकणी कक्षाला (बाळाला पाजायची खोली) कायम कुलूप. गाडी लागेपर्यंत पदराआड पाजलंय, सगळे बघत असताना. बाहेर पडायचंच बंद केलं मग, आणि पाचव्या महिन्यात बाटली लावली.

अबोली२
माईआजी, अळिवाचे लाडू कसे करता? माझे मोकळेच होतात.

माईआजी
अळीव नारळाच्या पाण्यात चांगले फुगू देत, मग ओलं खोबरं नि गूळ घालून आटव. कडेनं सुटायला लागलं की गरम असतानाच वळ.