फायबरच्या होडीचे डेक पॅनेल पुन्हा सील करायचे आहेत. पुण्यात सामान कुठे मिळेल, कसं करावं?

भीमेची लेक

नमस्कार मंडळी. माझं माहेर कुंभारगावचं, उजनीच्या फुगवट्याकाठचं. भाऊ हंगामात पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना होडीतून फिरवतो. होडी १८ फुटी, फायबरची, सेकंडहँड घेतलेली. खाली हवेचे कप्पे आहेत आणि त्यावर स्क्रूने बसवलेले चार डेक पॅनेल.

या हंगामात होडी मागून चार बोटं जास्त बसायला लागली. वल्ह्याच्या दांड्याने पॅनेलवर ठोकलं तर पुढे खणखणीत आवाज येतो, मागे बद्द. गेल्या वर्षी एका कारागिराकडून सगळ्या फटींत पांढरं सिलिकॉन भरून घेतलं होतं. ते आता सोलल्यासारखं निघतंय.

धरणाचं पाणी उतरलंय, म्हणून टेम्पोत घालून होडी आमच्याकडे धायरीला आणली आहे. पाऊस लागायच्या आत, म्हणजे तीन आठवड्यांत, काम संपवायचंय. कुठलं सीलंट वापरू? पुण्यात मिळतं का? होडीत लहान मुलं बसतात, त्यामुळे जुगाड नको आहे.

सिंहगड रोडकर

ताई, सिलिकॉनच भरा, पण चांगल्या कंपनीचं. आमच्या गच्चीवरच्या टाकीला सहा वर्षं टिकलंय. मागचं हलक्या प्रतीचं असेल.

राळ आणि काच

भोसरीत फायबर मोल्डिंगचं काम करतो, २० वर्षं झाली. वरच्या दादांचा हेतू चांगला आहे, पण होडीच्या डेकला सिलिकॉन नको. टाकी जागची हलत नाही. डेकवर माणूस पाय देतो तेव्हा पॅनेल दबतं आणि उचलतं, आणि जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, सिलिकॉनची पकड त्यापुढे फार दिवस टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे ते निघालं तरी तेलकट थर मागे ठेवून जातं. त्यावर पुढे ना रेझिन धरत, ना रंग, ना दुसरं सीलंट.

ताई, सीलंटचं नंतर बघू. आधी सांगा: कप्प्यात फोम आहे की नुसती हवा? मागे बूच आहे का? किती स्क्रू पकड सोडून नुसते फिरतात? आज एवढंच करा, होडी मागे उतरती ठेवा, बूच काढा आणि रात्रभर खाली बादली ठेवा.

भीमेची लेक

दादा, बूच आहे. सकाळी पाऊण बादली पाणी होतं! मागच्या दोन पॅनेलचे २६ पैकी ९ स्क्रू नुसतेच फिरतात. भाऊ म्हणतो आत पिवळा फोम आहे.

पाणकावळा

मी सीओईपीला, म्हणजे पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात असताना बोट क्लबात होतो. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकलेली गोष्ट: होडी पाण्याबाहेर आली की कप्प्यांची झाकणं उघडायची. कारण सांगतो, कारण तुमच्या गळतीचं मूळही मला तिथेच दिसतं.

सकाळी २८ अंशांना बंद केलेल्या कप्प्यातली हवा मेच्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे पॅनेलच्या दर चौरस मीटरला जवळपास १ टन जोर खालून वर. पॅनेल थोडं फुगतं, म्हणून प्रत्यक्षात जोर त्याहून कमी येतो, पण सांधा रोज ताणला जातोच. मग तीच तापलेली होडी गार पाण्यात ढकलली की आतली हवा आक्रसते आणि जिथे केसाएवढी फट असेल तिथून पाणी ओढून घेते. होडी श्वास घेते म्हणा ना. म्हणून होडी काठावर असताना बूच कायम काढलेलं हवं. भावाला ही एक सवय लावा, सील जास्त टिकेल.

राळ आणि काच

पाणकावळा यांनी सांगितलेलं अगदी बरोबर. आता काम सांगतो, जरा लांबेल.

फोम आहे म्हणजे मागची दोन्ही पॅनेल काढावीच लागतील. पाणी प्यायलेला फोम वरून ऊन दाखवून वाळत नाही. हाताने दाबून बघा, ओला असेल तेवढा पटाशीने काढून टाका. ओल आत कोंडून वरून कितीही भारी सीलंट लावलं तरी होडी जडच राहणार. फोमच्या जागी थर्मोकोल भरू नका. पॉलिएस्टर रेझिन आणि पेट्रोल दोन्हींत तो विरघळतो. बंद पेशींचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरा.

पॅनेल काढताना पहारीने उचकटू नका, काठ फाटेल. स्क्रू काढा, पातळ पुट्टी ब्लेड फटीत सरकवून सगळीकडून जुनं सील कापा, मगच उचला.

सिलिकॉन काढताना क्रम महत्त्वाचा. पॉलिश पेपर आधी मारला तर सिलिकॉन सगळीकडे पसरतं आणि जेलकोटच्या ओरखड्यांत जाऊन बसतं. आधी ब्लेडने खरवडा, मग ॲसिटोनने पुसा, दर पुसण्याला नवीन फडकं घ्या, आणि त्यानंतर ८० नंबरचा पेपर. शेवटी पाणी शिंपडून बघा. पाणी सलग पसरलं तर जागा साफ, थेंब गोळा झाले तर सिलिकॉन अजून आहे.

स्क्रू फिरतात याचा अर्थ काठाखालचं प्लायवूड कुजलंय. टोकदार दाभणाने टोचून बघा. भोकाभोवतीच मऊ असेल तर भोक मोठं करा, कुजका भुसा काढा, वाळू द्या आणि इपॉक्सीत एरोसिल (सिलिकाची बारीक पूड) मिसळून लोण्यासारखं घट्ट करून भरा. सुकल्यावर नवीन भोक पाडा. भोकाच्या तोंडाला थोडा काउंटरसिंक द्या, म्हणजे तोंड उतरतं करा, मग जेलकोटला ताऱ्यासारख्या चिरा पडत नाहीत आणि तिथे सीलंटची गोल कडी बसते. गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी (पुट्टी) भोकात अजिबात भरू नका, ती ओल धरते. प्लाय वीतभर लांब कुजलं असेल तर मात्र पट्टीच बदलावी लागेल, आणि ते काम घरी करू नका.

सिंहगड रोडकर

सिलिकॉनचं मला माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. मग लावायचं काय?

राळ आणि काच

पॅनेल पुन्हा उघडायचंय की नाही, त्यावर ठरतं.

उघडायचं नसेल तर पॉलियुरेथेन, बोटींसाठी बनवलेलं. सिकाफ्लेक्स २९१ त्यातलंच. ते हवेतल्या ओलाव्याने पिकतं, म्हणजे घट्ट होतं, त्यामुळे कोरड्या मेमध्ये वेळ लागतो. आठवडाभर होडी हलवू नका. थ्रीएमचं ५२०० सुचवणारेही भेटतील, पण त्याची पकड इतकी की पुढे पॅनेल काढताना जेलकोट घेऊन येतं. मी डेकला वापरत नाही.

दर दोन-तीन वर्षांनी आत बघायचं असेल तर ब्यूटाइल टेप. ती पिकत नाही, चिकट आणि लवचीक राहते. स्क्रूभोवतीही तिचाच बारीक वळ गुंडाळायचा. पॅनेल बसवून थोडं आवळा, दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. ती हळूहळू बाहेर येते, ब्लेडने कापून टाका.

ताईंच्या होडीला मी ब्यूटाइलच सांगेन. हिच्यात फोम आहे आणि फोमवर नजर ठेवावीच लागते.

पॉलियुरेथेन लावलंच तर एक चूक टाळा. स्क्रू मरेस्तोवर आवळले की सगळं सीलंट बाहेर येतं आणि उरलेला कागदासारखा थर पहिल्या उन्हात तुटतो. काठावर २ मिमीचे नायलॉनचे वॉशर ठेवा. जाडी राहिली तरच सीलंट ताणलं जातं.

भीमेची लेक

दादा, मनापासून आभार. हे सगळं मिळेल कुठे? नऱ्ह्याच्या दोन हार्डवेअरवाल्यांनी ब्यूटाइल टेपचं नावच ऐकलेलं नाही.

जुन्या पेठेतला

ब्यूटाइल टेप नाना पेठेत गाडीच्या काचा आणि हेडलाइटचं सामान ठेवणाऱ्यांकडे विचारा. पत्र्याच्या शेडची कामं करणारेही वापरतात. पण बघून घ्या: फॉइल लावलेली डांबरी पट्टी नको, दोन्ही बाजूंनी चिकटणारी राखाडी किंवा काळी हवी. काचेवाले त्यांचं काळं पीयूही देऊ करतील, ते घेऊ नका. उघड्या उन्हात ते खराब होतं. स्टीलचे स्क्रू रविवार पेठेत. गोड्या पाण्याला ३०४ ग्रेडचं स्टील चालतं, ३१६ मिळालं तर उत्तम. रेझिन विकणाऱ्यांकडे ॲसिटोन आणि एरोसिल दोन्ही मिळेल.

राळ आणि काच

रेझिनच्या दुकानात जाताय म्हणून हे लिहितोच. पॉलिएस्टर घेतलंत तर दोन बाटल्या मिळतील, कोबाल्ट आणि हार्डनर. त्या दोन्ही एकमेकांत कधीही थेट मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. चष्मा लावा, हार्डनर डोळ्यांत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. मुलं जवळ नकोत.

भीमेची लेक

दहा दिवसांनी लिहितेय. भाऊ येऊन राहिला होता. मागच्या कप्प्यांतून दोन पोती ओला फोम निघाला. प्लाय फक्त स्क्रूंपाशी मऊ होतं, तेवढं इपॉक्सीने भरलं. ब्यूटाइल टेप नाना पेठेत तिसऱ्या दुकानात मिळाली. परवा वळवाचा पाऊस झाला, पण होडी ताडपत्रीखाली होती.

आता पाण्यात न टाकता तपासायचं कसं?

पाणकावळा

बुचाच्या भोकातून हलकी हवा भरा आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. काँप्रेसर लावू नका, वर लिहिलेला टनाचा हिशोब आठवा. सायकलचा पंपही सावकाश. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू बरी.

भीमेची लेक

केलं. पॅनेलच्या कडेला एकही बुडबुडा नाही. पण मागे दोर बांधायचा खुंटा आहे, त्याच्या बोल्टखालून फेस आला. तिथे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

राळ आणि काच

बरं सापडलं. खुंटा काढा, त्याची भोकंही तशीच इपॉक्सीने भरून पुन्हा पाडा, आणि आतल्या बाजूने मोठा स्टीलचा वॉशर द्या. दोराचा सगळा ओढा तिथेच येतो. पुढच्या खुंट्याचे बोल्टही त्याच वेळी काढून बघा.