युगांडाच्या पार्टनर चर्चला जातोय, काय करावं?

प्रश्न: आमची मंडळी जूनमध्ये युगांडातल्या पार्टनर अँग्लिकन चर्चला भेट द्यायला जातेय, दोन आठवडे. शाळेची भिंत रंगवायचा प्लॅन आहे, पण मला सारखं वाटतंय की हे काम तिथले लोक आपल्याहून चांगलं करतील, मग आपण नक्की काय करायचं?

उत्तर १: अगदी बरोबर वाटतंय तुम्हाला. रंगाचे पैसे द्या आणि काम तिथल्याच पेंटरला मिळू द्या. जायच्या आधी तिथल्या पाळकांना आणि मदर्स युनियनच्या (अँग्लिकन चर्चमधलं महिलांचं मंडळ) बायकांना विचारा काय हवंय, गावात कोणाला खरी गरज आहे हे त्यांना घरोघरचं माहीत असतं. आणि यलो फिव्हरची लस निदान १० दिवस आधी घ्या, सर्टिफिकेट लागतंच, मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

उत्तर २: जूनमध्ये जाताय तर ३ तारखेला, शहीद दिनी, कंपालाजवळच्या नामुगोंगोला नक्की जा, १८८६ मध्ये तिथे अँग्लिकन आणि कॅथलिक तरुणांना विश्वासासाठी जिवंत जाळलं होतं, लोक कित्येक दिवस चालत येतात. आम्ही गेलो तेव्हा शिकवायला म्हणून गेलो आणि त्यांची प्रार्थना ऐकत नुसते बसून राहिलो, डोळे भरून आले. तिथल्या लुगांडा भाषेत ‘वेबाले’ म्हणजे थँक्यू, एवढं तरी शिकून जा.

प्रश्नकर्ती: खूप आभार, आजच पाळकांना मेसेज करते.