मदत हवी आहे: खालच्या मोहल्ल्यातल्या नळांना पाणी कसं पोचवायचं?

नमस्कार मंडळी. राहतो इंदूरला, शेती सांवेरच्या बाजूला. तिथल्या पाणी समितीने नळयोजनेचं वेळापत्रक माझ्या गळ्यात घातलंय.

वस्ती 1,400. जल जीवन मिशनच्या माणशी 55 लिटरप्रमाणे रोज 77,000 लिटर हवं. दिवाळीपर्यंत तेवढं मिळतंही. पण जमिनीखाली सगळा काळा पाषाण. होळीनंतर ट्यूबवेल तासाला जेमतेम 3,000 लिटर देते आणि आठ तासांपुढे मोटर हवा ओढायला लागते. म्हणजे 24,000, माणशी 17 लिटर. त्यातही टाकीजवळचे लोक टुल्लू (नळाला जोडायचा छोटा विजेचा पंप) लावून खेचतात आणि खालच्या मोहल्ल्यात नळ नुसता फुसफुसतो.

आणखी एक बोअर मारा, हे कृपया सुचवू नका. मारली, कोरडी गेली. व्हॉल्व्ह लावून गावाचे दोन भाग केले, दिवसाआड पाळी ठेवली. थोडा फरक पडला. पाण्याच्या वेळी त्या भागाची वीज बंद ठेवली तेव्हा टुल्लू खरंच थांबले, पण पोरांच्या परीक्षा आल्या आणि भांडणं जुंपली. घरोघरी मीटर बसवण्याइतका पैसा समितीकडे नाही.

आता सगळ्यांना सारखं पाणी जावं म्हणून प्रत्येक नळजोडणीत बारीक भोकाची चकती टाकायचा विचार आहे. पाणी जड आहे, पातेल्याला पांढरा थर धरतो. ज्यांच्या गावात हे केलंय त्यांनी सांगावं: भोक किती मिलिमीटरचं ठेवलंत, क्षाराने ते किती दिवसांत बुजलं, आणि कुणी टुल्लू लावलाच तर चकतीचा उपयोग होतो का?