मोझेलच्या खोऱ्यातून रोड बाईकने ट्रिअर ते कोब्लेंझ: काठाचा सायकलमार्ग घ्यावा की मुख्य रस्ता?

प्रश्न : दूरवाट

नमस्कार. सप्टेंबरच्या उत्तरार्धात जर्मनीतील मोझेल नदीच्या खोऱ्यातून ट्रिअर ते कोब्लेंझ असा प्रवास रोड बाईकने (बारीक टायरच्या हलक्या, वेगवान सायकलने) करण्याचा माझा आणि माझ्या धाकट्या बहिणीचा बेत जवळपास ठरला आहे. या दोन शहरांमधले सरळ रेषेतले अंतर शंभर किलोमीटरच्या आतच आहे, पण नदी एवढे वळसे घेते की काठाकाठाने गेल्यास ते १९० किलोमीटरच्याही पुढे जाते. मला दिवसभर सायकल चालवण्याचा सराव आहे. बहीण सपाटीवर चांगला वेग राखते, मात्र लांब चढावर तिची दमछाक होते.

माझ्यापुढे मुख्य अडचण रस्त्याच्या निवडीची आहे. काठाने जाणारा सायकलमार्ग सहलीला आलेल्या कुटुंबांनी गजबजलेला असतो असे ऐकले आहे, तर मुख्य रस्त्यावर मोटारींची वर्दळ असते. रोड बाईकने जाणाऱ्याने काय करावे? शिवाय एवढ्या दूर जाऊन केवळ सपाटीवरून परतायचे मनाला पटत नाही, म्हणून एखाददुसरा चढ घेण्याजोगा असल्यास तोही सुचवावा. सामान सायकलवरच असेल.

उत्तर : काठोकाठ

आपण ट्रिअरहून निघायचे ठरवले आहे ते योग्यच आहे. प्रवाहाच्या दिशेने जाताना उतार जाणवण्याइतका नसतो, पण या भागात वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून वाहतो आणि नदीची एकूण दिशा ईशान्येची आहे, त्यामुळे वाऱ्याची साथ मिळण्याची शक्यता जास्त असते. अर्थात प्रत्येक वळशागणिक तोंड फिरत असल्याने वारा सदैव पाठीशी राहील अशी अपेक्षा ठेवू नये.

रस्त्याबद्दल सांगायचे तर काठाचा सायकलमार्ग बहुतांशी डांबरी आहे आणि २८ मिलिमीटरचे टायर त्यावर निर्धोक चालतात. फरशीबंद रस्ते लागतात ते जुन्या गावांच्या पेठांमध्ये, आणि तिथे गर्दीमुळे तसेही हळूच जावे लागते. मुख्य रस्ता, म्हणजे ट्रिअर ते आल्फ हा ५३ क्रमांकाचा आणि पुढे कोब्लेंझपर्यंतचा ४९ क्रमांकाचा, वेगासाठी उत्तम आहे, पण निळ्या गोल फलकावर पांढरी सायकल दिसली की बाजूचा सायकलमार्ग वापरणे बंधनकारक असते, हे लक्षात ठेवावे. निळा फलक नसेल तर रस्त्यावरून जाण्याचा आपला हक्क अबाधित आहे, आणि २०२० पासून मोटारींनी सायकलस्वाराला ओलांडताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवावे असा स्पष्ट नियम आहे. सकाळी लवकर निघून सायकलमार्ग धरावा आणि दुपारी त्यावर वर्दळ वाढली की जमेल तिथे रस्त्यावर यावे, अशी सांगड मला सर्वांत सोयीची वाटते.

मात्र रस्ता कोणता, यापेक्षा काठ कोणता, हा प्रश्न मी अधिक महत्त्वाचा मानतो, आणि त्याचा विचार फारच थोडे लोक करतात. मोझेलचे खोरे ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. एवढ्या उत्तरेला रीस्लिंग द्राक्षे नीट पिकायची तर मळा दक्षिणेकडे किंवा नैऋत्येकडे तोंड करून तीव्र उतारावर असावा लागतो, म्हणजे ऊन जमिनीवर जवळजवळ काटकोनात पडते. त्यातून तिथली जमीन गडद स्लेट दगडाच्या चपट्या कपऱ्यांची असल्याने दिवसभराची उष्णता ती धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. परिणामी बऱ्याच वळशांवर एका काठाला द्राक्षमळ्यांची भिंत आणि समोरच्या काठाला झाडी किंवा सपाट शेते अशी रचना दिसते. मळ्याच्या पायथ्याने सायकल चालवल्यास डोक्यावरचा उतार दिसतच नाही, आणि उन्हाचा तापही अधिक होतो. तोच उतार पूर्ण पाहायचा असेल तर समोरच्या काठाने जावे आणि वळसा बदलला की पूल ओलांडावा. पूल पुरेसे आहेत, काही ठिकाणी नदी ओलांडायला फेरीबोटीही आहेत.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे बर्नकास्टेल-क्यूसनंतर लागणारे वेलेन. गाव डाव्या काठावर आहे आणि त्याचा नावाजलेला मळा नदीपलीकडे उजव्या काठावर. त्या मळ्यातल्या कड्यावर १८४२ मध्ये एक मोठे सूर्यघड्याळ उभारले गेले, जेणेकरून उतारावर काम करणाऱ्यांना वेळ कळावी. डाव्या काठाने जाताना ते पांढरे घड्याळ वेलींच्या हिरव्या रांगांमध्ये स्पष्ट दिसते आणि ऊन असेल तर त्यावरून वेळही सांगता येते. उजव्या काठाने गेलेला सायकलस्वार मात्र त्याच्या खालून निघून जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. पीस्पोर्टलाही हेच लागू पडते, फक्त काठ उलटे: तिथले मळे डाव्या काठावर आहेत, म्हणून पाहण्यासाठी उजवा काठ बरा. रोमन काळातली द्राक्षे तुडवण्याची जागा मात्र डाव्या काठावरच्या मळ्यांत सापडली आहे. ती जवळून पाहायची असेल तर पूल ओलांडायला कंटाळू नये.

उत्तर : चढउतार

काठोकाठ यांनी काठाविषयी लिहिले ते अगदी मोलाचे आहे, परंतु मला नम्रपणे असे मांडायचे आहे की जो केवळ काठाने गेला त्याला या नदीचा आकार कळत नाही. खाली असताना एक वळण दिसते, फार तर दोन. नदी स्वतःकडेच परत कशी येते हे वरूनच उमगते, आणि रोड बाईकसारखे हलके वाहन हाताशी असताना वर न जाणे ही संधी वाया घालवणे होय.

बहिणीचा विचार करता मी मारियनबुर्गचा चढ सुचवेन. आल्फजवळ नदीचा एक मोठा वळसा एका अरुंद मानेपाशी, म्हणजे जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यापाशी, जवळजवळ मिटतो आणि त्या मानेवर हा जुना मठ आहे. चढाई साधारण शंभर मीटरची आहे. वर उभे राहिले की दोन्ही बाजूंना एकच नदी वाहताना दिसते, एकीकडे येणारी आणि दुसरीकडे जाणारी. पायथ्याशी बुलायचा दुमजली पूल आहे, ज्यावर वरून आगगाडी आणि खालून रस्ता जातो. आगगाडी ती मान एका छोट्या बोगद्यातून काही क्षणांत ओलांडते, सायकलस्वाराला मात्र त्सेल गावाला पूर्ण वळसा घालून तिथे पोहोचावे लागते.

आपल्या स्वतःच्या पायांसाठी म्हणाल तर दोन चढ आहेत. पहिला लायवेन गावातून त्सुमेट टेकडीवर जाणारा, जिथून ट्रिटेनहाइमचा वळसा संपूर्ण दिसतो. दुसरा ट्राबेन-ट्रारबाख येथे मों रोयालवर जाणारा, सुमारे दोनशे मीटरचा. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६८७ मध्ये तिथे प्रचंड किल्ला बांधायला घेतला आणि दहा-बारा वर्षांतच तो पाडूनही टाकण्यात आला. आता काही अवशेष उरले आहेत. सामान मुक्कामी ठेवून हे चढ घ्यावेत. मळ्यांमधल्या काँक्रीटच्या शेतरस्त्यांवर मात्र भरलेल्या सायकलने चढण्याचा आग्रह धरू नये. ते ट्रॅक्टरसाठी बांधलेले असतात, त्यांची चढण सायकलचा विचार करून ठरवलेली नसते, आणि उतरताना ओल्या पानांवर रोड बाईकचे बारीक टायर सहज घसरतात.

ब्रेमजवळचा कालमोंट हा युरोपातील सर्वांत तीव्र उताराच्या मळ्यांपैकी एक आहे, काही ठिकाणी उतार ६५ अंशांपर्यंत जातो. तिथे सायकलने जाण्याचा प्रश्नच नाही, तो समोरच्या काठावरून पाहावा. तिथे यंत्राने तोडणी होत नाही. एकाच रुळावरून दात्यांच्या चाकाने सरकणारी छोटी गाडी माणसांना आणि द्राक्षांच्या पेट्यांना घेऊन चढउतार करते. ती कामात असताना दिसली तर पाच मिनिटे थांबून जरूर पाहावी, कारण त्या वाईनमागे किती श्रम आहेत हे तेव्हाच लक्षात येते.

उत्तर : रुळावरून

एक व्यावहारिक सूचना. कोणी थकले किंवा सायकल बिघडली तर आगगाडीचा आधार सगळीकडे मिळेल असे समजू नका. ट्रिअर ते कोब्लेंझ हा लोहमार्ग बुलायच्या वरच्या बाजूला नदी सोडून आतून जातो. बुलायहून एक फाटा ट्राबेन-ट्रारबाखपर्यंत येतो, पण तिथून वर ट्रिअरच्या जवळ येईपर्यंत, म्हणजे बर्नकास्टेल आणि पीस्पोर्ट धरून, नदीकाठी गाडीच नाही. त्या भागात हंगामात सायकलींसाठी ट्रेलर जोडलेल्या बसगाड्या धावतात, त्यांची जागा आधी राखून ठेवलेली बरी. म्हणून पहिला दिवस ट्रिअर ते बर्नकास्टेल असा सुमारे ६० किलोमीटरचा ठेवावा, दुसरा त्सेलपर्यंत किंवा पाय साथ देत असतील तर कोखेमपर्यंत, आणि तिसरा कोब्लेंझपर्यंत. काठावर किलोमीटरचे फलक आहेत. त्यांची मोजणी ऱ्हाइनच्या संगमापासून होते, त्यामुळे फलकावरचा आकडा म्हणजे नदीने उरलेले अंतर, आणि ट्रिअरला तो १९० च्या आसपास असतो.

दूरवाट

सर्वांचे मनापासून आभार. मारियनबुर्गच्या चढाबद्दल बहिणीला सांगितले, ती तयार आहे. आता दोनच शंका उरल्या. सप्टेंबरच्या अखेरीस द्राक्षतोडणीमुळे रस्त्यांवर काही अडथळा येतो का? आणि मळेवाल्यांकडे वाईन चाखायची असेल तर ती प्रवासात कशी बसवावी?

उत्तर : काठोकाठ

रीस्लिंग उशिरा पिकते, तिची तोडणी ऑक्टोबरातही चालते, त्यामुळे आपण जाल तेव्हा ट्रॅक्टर आणि ट्रेलरची ये-जा नक्कीच असेल. गावात शिरताना वेग कमी करावा, कारण अंगणातून ट्रेलर मागे घेतला जात असतो आणि चालकाला सायकल दिसेलच असे नाही. रस्त्यावर सांडलेली द्राक्षे आणि रस अपेक्षेपेक्षा अधिक निसरडे असतात. त्या दिवसांत सकाळी खोऱ्यात दाट धुके उतरते आणि ते वर चढायला बराच वेळ घेते, तेव्हा पुढचा आणि मागचा दिवा सोबत असू द्यावा. मुक्काम आधीच ठरवावा, कारण हंगामात एका रात्रीसाठी खोली द्यायला काही घरे राजी नसतात.

वाईनचे म्हणाल तर दिवसाची सायकल संपल्यावरच चाखावी, हे मी आग्रहाने सांगतो. जर्मनीत सायकलस्वारासाठी रक्तातील अल्कोहोलची १.६ प्रति हजार ही मर्यादा ओलांडणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि तोल गेला किंवा अपघात झाला तर ०.३ पासूनही कारवाई होऊ शकते. नदीकाठच्या अरुंद मार्गावर, एका बाजूला पाणी असताना, नियम नसता तरी मी हेच सांगितले असते. अनेक मळेवाले आपल्या घरीच वर्षातून जास्तीत जास्त चार महिने छोटी खानावळ चालवतात, आपलीच वाईन आणि साधे जेवण देतात. मुक्कामाच्या गावात अशी जागा शोधून सायकल कुलूपबंद करून चालत जावे. आवडलेल्या बाटल्या सायकलवर लादू नयेत, बरेच मळेवाले त्या पार्सलने पाठवतात.

उत्तर : चढउतार

एक राहिलेच. कोखेमसारख्या काठाच्या गावांत जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत, त्यांत डिसेंबर १९९३ ची खूण शोधा. ती आपल्या डोक्याच्या वर सापडेल. सप्टेंबरमध्ये पुराचा प्रश्न सहसा येत नाही, पण वरच्या भागात जोराचा पाऊस झाला असेल तर नदीलगतचे सायकलमार्ग सर्वांत आधी पाण्याखाली जातात, म्हणून निघण्याच्या दिवशी पाण्याची पातळी पाहूनच काठाचा की रस्त्याचा हे ठरवावे.