एन८एनमध्ये सगळं एका माणसाच्या पर्सनल जीमेलवर जोडलंय आणि तो महिनाअखेरीस सोडतोय, काय करू?

सातपूरचा_हिशोबनीस

नमस्कार मंडळी. मी मूळचा अकाउंट्सचा माणूस, आयटीतलं जेमतेम कळतं, त्यामुळे सांभाळून घ्या. आमची सातपूर एमआयडीसीत पंप आणि स्पेअर पार्ट्सची डीलरशिप आहे. आमच्याकडच्या एका मुलाने व्हीपीएसवर (भाड्याचा सर्व्हर) डॉकरमध्ये एन८एन (वेगवेगळी अ‍ॅप्स जोडून कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर) टाकून बरंच काही ऑटोमेट करून दिलंय, वेबसाइटवरची एन्क्वायरी गूगल शीटमध्ये पडते, सेल्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप जातो, संध्याकाळी थकीत बिलांची यादी मेलने साहेबांना जाते वगैरे. फुकटवाली कम्युनिटी एडिशन आहे. काम एकदम झकास चालतं, तक्रार नाही.

आता तो महिनाअखेरीस पुण्याला जातोय, चांगली नोकरी लागलीये त्याला. आणि आता लक्षात येतंय की गूगल शीट्स, जीमेल सगळं त्याच्या पर्सनल जीमेलवरून जोडलंय. एन८एनला लॉगिन एकच, ओनरचं, ते आम्ही सगळेच वापरतो, पासवर्ड ऑफिसच्या ग्रुपवर पिन करून ठेवलाय (हसू नका). शिवाय दर आठवड्याला गूगलचं कनेक्शन तुटतं, मग तो जाऊन परत रिकनेक्ट करतो, हे त्याच्याशिवाय कोणाला जमत नाही.

साहेब म्हणतात त्याचा जीमेलचा पासवर्ड लिहून घे म्हणजे झालं. मला ते बरं वाटत नाहीये पण दुसरं काय करायचं ते पण माहीत नाही. आणि प्रत्येकाला वेगळं लॉगिन देऊन हे क्रेडेन्शियल (एन८एनमध्ये साठवलेली लॉगिनची जोडणी) शेअर करता येतात असं कुठेतरी वाचलं, पण आमच्याकडे शेअरचं बटणच चालत नाही. मार्गदर्शन करा.

---

डॉकरवाला_भाऊ

दादा, पासवर्ड अजिबात घेऊ नका. एकतर दुसऱ्याच्या खाजगी मेलचा पासवर्ड ऑफिसात ठेवणं बरोबर नाही, आणि दुसरं म्हणजे त्याचा उपयोगही नाही. नवीन मशीनवरून लॉगिन केलं की गूगल त्याच्या फोनवर विचारणार "हे तुम्हीच का", तो पुण्यात मीटिंगमध्ये बसलेला असणार. आणि उद्या त्याने स्वतःहून पासवर्ड बदलला तर जीमेलची परवानगी असलेलं टोकन (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) गूगल आपोआप रद्द करतं, म्हणजे तुमचा मेलवाला वर्कफ्लो (आपोआप चालणारी कामांची साखळी) तिथेच बसला.

सोपा उपाय सांगतो. आधी ऑफिसचं एक अकाउंट काढा, ऑटोमेशन@ तुमचंडोमेन असं काहीतरी, माणसाच्या नावाचं नको. मग त्याच्या सगळ्या शीट्स या अकाउंटला एडिटर म्हणून शेअर करायला सांगा. मग एन८एनमध्ये जुनं क्रेडेन्शियल डिलीट करू नका आणि नवीन पण बनवू नका!! जुनंच उघडा, रिकनेक्ट करा आणि गूगलची खिडकी आली की तिथे नवीन अकाउंट निवडा. नोडमध्ये (वर्कफ्लोतली एकेक पायरी) क्रेडेन्शियल स्वतःच्या आयडीने जोडलेलं असतं, त्यामुळे जितक्या वर्कफ्लोत ते वापरलंय तिथे सगळीकडे आपोआप नवीन अकाउंट लागू होतं. नवीन बनवलं तर एकेक नोड उघडून ड्रॉपडाऊन बदलत बसावं लागतं, त्यात एखादा हमखास राहतो, आणि राहतो तो नेमका महिन्यातून एकदा चालणारा. झाल्यावर क्रेडेन्शियलचं नाव मात्र बदला, नाहीतर वर्षभराने कोणीतरी त्या मुलाचं नाव बघून परत घाबरेल.

---

पेठेतला_डेव्ह

वरचं बरोबर आहे पण अर्धंच आहे. दर आठवड्याला तुटतंय हे महत्त्वाचं लक्षण आहे. स्वतःच्या सर्व्हरवर एन८एन असेल तर गूगलसाठी क्लायंट आयडी आणि सीक्रेट (गूगलला आपलं अ‍ॅप ओळखू येण्यासाठीची जोडी) आपलं आपल्याला गूगल क्लाउड कन्सोलमध्ये जाऊन बनवावं लागतं, आणि ते अ‍ॅप टेस्टिंग मोडमध्ये सोडलं की रिफ्रेश टोकन (कनेक्शन चालू ठेवणारं) 7 दिवसांनी मरतं. तुमच्या मुलाने ते तसंच ठेवलंय, रिकनेक्ट करून काम चालतंय म्हणून पुढे कोणी बघितलं नाही.

आता खरी मेख अशी की तो क्लाउड प्रोजेक्ट पण त्याच्याच जीमेलवर असणार. म्हणजे तुम्ही लॉगिन ऑफिसच्या अकाउंटने केलंत तरी क्लायंट आयडी त्याचाच, त्याने कधी साफसफाई करताना प्रोजेक्ट उडवला की सगळं बंद. तेव्हा ऑफिसच्या अकाउंटवर नवीन प्रोजेक्ट, शीट्स, जीमेल, ड्राइव्ह एपीआय (बाहेरच्या अ‍ॅपला जोडायची सोय) चालू करा, तुमच्याकडे गूगल वर्कस्पेस (कंपन्यांसाठीचं गूगल) असेल तर अ‍ॅपचा टाइप इंटर्नल ठेवा, मग ते 7 दिवसांचं झंझट राहत नाही. साधं जीमेल असेल तर अ‍ॅप प्रॉडक्शनला पब्लिश करा, "अनव्हेरिफाइड" म्हणून लाल इशारा येईल, स्वतःच्याच वापरासाठी आहे तर पुढे जा म्हणायचं. रीडायरेक्ट यूआरएल (परवानगी दिल्यावर गूगल जिथे परत पाठवतं तो पत्ता) एन८एनच्या क्रेडेन्शियलच्या खिडकीतच दिलेली असते, ती जशीच्या तशी चिकटवा, शेवटी एक स्लॅश जास्त पडला तरी गूगल एरर देतं. आणि हे सगळं जुन्याच क्रेडेन्शियलमध्ये भरायचं, डॉकरवाल्या भाऊने सांगितलं तसं.

फक्त शीट्सपुरतं बघाल तर सर्व्हिस अकाउंट याहून बरं. त्याला लॉगिनच नसतं, माणूस नाही, ओटीपी नाही, टोकन तुटणं नाही. लांबलचक ईमेल मिळतो, शीट त्याला शेअर करायची की झालं. जीमेलला मात्र ते तसं चालत नाही, तिथे वर्कस्पेसच्या अ‍ॅडमिनने वेगळा अधिकार द्यावा लागतो आणि साध्या जीमेलला तर नाहीच.

---

रात्रपाळी

त्या मुलाच्या बाजूनेपण बघा की जरा. ओनरचा पासवर्ड ग्रुपवर पिन केलाय म्हणताय. म्हणजे ग्रुपवरचा कोणीही आत जाऊन एक जीमेलचा नोड टाकून त्याच्या पर्सनल मेलमध्ये काय काय आलंय ते वाचू शकतो, बँकेचे मेल, नवीन कंपनीचं ऑफर लेटर, सगळं. पासवर्ड लागत नाही, ओटीपी येत नाही, त्याला कळणारपण नाही. त्याला म्हणावं, जायच्या दिवशी गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन थर्ड पार्टी कनेक्शनमधून तुमच्या अ‍ॅपचा अ‍ॅक्सेस स्वतःच्या हाताने काढ. आणि हे तो असतानाच करा, म्हणजे काय बोंबलतंय ते त्याच्यासमोर दिसेल.

---

मीटरडाऊन

शेअरच्या बटणाबद्दल कोणी बोललंच नाही. कम्युनिटी एडिशनमध्ये यूजर हवे तितके बनवता येतात पण क्रेडेन्शियल आणि वर्कफ्लो शेअरिंग त्यात नाहीये, ज्याने बनवलं त्याला आणि ओनरला दिसतं, बाकीच्यांना नाही. क्लाउडवर क्रेडेन्शियल शेअर करता येतं, स्वतःच्या सर्व्हरवर हवं असेल तर पैसे भरून लायसन घ्यावं लागतं. शेअर केल्यावर समोरचा ते वापरू शकतो पण आतला पासवर्ड, टोकन बघू शकत नाही की बदलू शकत नाही. पैसे टाकायची तयारी असेल तर क्लाउडवर जा, निवांत राहा.

---

पेठेतला_डेव्ह

@मीटरडाऊन निवांत वगैरे काही नाही हो. बघता येत नाही म्हणजे काढता येत नाही असं थोडंच आहे. हेडर ऑथवालं (रिक्वेस्टसोबत गुप्त की पाठवणारं) क्रेडेन्शियल मला शेअर केलंत, मी एचटीटीपी रिक्वेस्ट नोड घेतला, यूआरएलच्या जागी माझ्या स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता टाकला आणि रन केलं, तुमची एपीआय की माझ्या लॉगमध्ये छापून आली. नव्या व्हर्जन्समध्ये कुठल्या डोमेनला ते क्रेडेन्शियल जाऊ द्यायचं हे ठरवता येतं, ते लावलं तर ठीक. ज्याला शेअर केलं त्याला की दिलीच असं धरून चालायचं, आणि तो गेला की ती की बदलायची. चारपाच माणसांच्या ऑफिसला यासाठी पैसे भरायला मी तरी सांगणार नाही.

---

मीटरडाऊन

@पेठेतला_डेव्ह मुद्दा मान्य, पण ते जाणूनबुजून चोरणाऱ्याचं झालं. यांच्याकडे अडचण वेगळी आहे, कोणीतरी चुकून हात लावणार आणि वर्कफ्लो बिघडवणार. त्याला शेअरिंग आणि रोल पुरतात. एकाच लॉगिनवर पाच जण म्हटल्यावर काल कोणी काय बदललं ते कसं कळणार?

---

सातपूरचा_हिशोबनीस

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून साहेबांसमोर ठेवली. पिन काढला आधी. तो मुलगा चांगला आहे, काल संध्याकाळी बसून नवीन प्रोजेक्ट बनवला, जुन्याच क्रेडेन्शियलमध्ये रिकनेक्ट केलं, एन्क्वायरी आणि मेल दोन्ही लगेच चालू झाले. रात्रपाळी यांनी लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं तर तो हसला, म्हणाला "हे मला पण सुचलं नव्हतं".

आता दोन गोष्टी राहिल्यात. एक, शीट्स अजून त्याच्याच ड्राइव्हमध्ये आहेत, आम्ही नुसते एडिटर. त्याने ओनरशिप द्यायचा प्रयत्न केला पण आमचं अकाउंट वर्कस्पेसचं आणि त्याचं साधं जीमेल, तर होत नाहीये. दोन, व्हॉट्सअ‍ॅपचं टोकन. ते पण त्यानेच बनवलंय, त्याचं काय होणार?

---

डॉकरवाला_भाऊ

ओनरशिप नाही जाणार. ऑफिसच्या अकाउंटने प्रत्येक शीटची कॉपी करा, पण कॉपी केली की डॉक्युमेंटचा आयडी बदलतो, त्यामुळे प्रत्येक शीट्स नोडमध्ये जाऊन नवीन शीट निवडावी लागेल, इथे पळवाट नाही. रविवारी करा, आधी वर्कफ्लो बंद करून मग कॉपी, नाहीतर मधल्या वेळात आलेल्या एन्क्वायरी जुन्या शीटमध्ये जाऊन पडतील. वेबसाइटचा फॉर्म गूगल फॉर्म असेल तर तोपण त्याच्याच नावावर असणार, तपासा.

व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल तर मेटाच्या बिझनेस सेटिंगमध्ये सिस्टम यूजर नावाचा प्रकार असतो, त्याचं टोकन काढा. डेव्हलपर पेजवर जे तात्पुरतं मिळतं ते 24 तासांत संपतं आणि माणसाच्या अकाउंटवरून काढलेलं त्या माणसाबरोबर जातं. त्याआधी साहेबांना आणि अजून एकाला बिझनेस अकाउंटचा फुल कंट्रोल द्या, तो मुलगा एकटाच अ‍ॅडमिन असताना बाहेर पडला तर मेटाकडून परत मिळवता मिळवता नाकी नऊ येतील.

---

पेठेतला_डेव्ह

तो आहे तोवर अजून एक विचारून घ्या, एन्क्रिप्शन की कुठे आहे. एन८एन सगळे क्रेडेन्शियल डेटाबेसमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवतं. ती की डॉकरच्या सेटिंगमध्ये दिली नसेल तर पहिल्यांदा चालू करताना ते स्वतःच बनवतं आणि डॉट एन८एन फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवतं. उद्या व्हीपीएस बदललात, डेटाबेसचा बॅकअप आहे पण ही की नाही, तर वर्कफ्लो सगळे दिसतील आणि रन केलं की "क्रेडेन्शियल्स कुड नॉट बी डिक्रिप्टेड". मग प्रत्येक जोडणी परत पहिल्यापासून. की कॉपी करून पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, बॅकअपच्याच फोल्डरमध्ये नको.

ओनर लॉगिन दोघांकडेच ठेवा, टू फॅक्टर लावून, कम्युनिटी एडिशनमध्येपण ते आहे. बाकीच्यांना स्वतःचे साधे यूजर द्या, तिथे त्यांनी आपापल्या क्रेडेन्शियलने काय खेळायचं ते खेळावं, वर्कफ्लो पक्का झाला की जेसन (वर्कफ्लोची मजकूर फाइल) एक्स्पोर्ट करून ओनरच्या खात्यात आणायचा आणि तिथे ऑफिसचं क्रेडेन्शियल निवडायचं. जेसनमध्ये क्रेडेन्शियलचं नाव आणि आयडी जातो, पासवर्ड जात नाही. पण कोणी कर्ल कमांड (वेबवर रिक्वेस्ट पाठवायची तयार ओळ) चिकटवून नोड बनवला असेल तर त्यातलं हेडर टोकनसकट उघडं जातं, ते बघून मगच फाइल ग्रुपवर टाका.

---

सातपूरचा_हिशोबनीस

की सापडली, कॉन्फिग फाइलमध्येच होती. टू फॅक्टर लावलं, एक फोन माझा आणि एक साहेबांचा. फॉर्म त्याच्याच नावावर निघाला, तो रविवारी नवीन करतोय. साहेब विचारतायत त्याला निरोपाला काय द्यायचं, त्याला इथे उत्तर नको, ते बघतो आम्ही.