मदत हवी आहे: हार्ट फेल्युअरमध्ये कोलेस्टेरॉल फारच कमी आलंय, खूश व्हायचं की घाबरायचं?

उंबरठा:
वडील ७१ वर्षांचे. पाच वर्षांपूर्वी हार्ट अटॅक, दोन स्टेंट. दीड वर्षापासून हार्ट फेल्युअरची ट्रीटमेंट चालू आहे, शेवटच्या इकोत ईएफ (हृदय दर ठोक्याला किती रक्त पुढे ढकलतं तो आकडा) ३० टक्के. गोळ्या: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन, लघवीची टॉर्सेमाइड, अ‍ॅस्पिरिन आणि रात्री कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन, अटोर्व्हास्टॅटिन ४०.

परवाचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट: टोटल ११८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ६२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड ९०. गेल्या वर्षी याच गोळीवर, याच डोसवर टोटल १६२ आणि एलडीएल ९१ होतं. बाबा म्हणाले, "बघ, पथ्य फळलं." भावाने लगेच फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकला. मीही खूश झाले असते, पण रात्री वाचत बसले आणि पहिल्याच पानावर दिसलं की हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये कोलेस्टेरॉल जितकं कमी तितका धोका जास्त! झोप उडाली. आयुष्यभर उलटं ऐकलंय ना. मग ही स्टॅटिन आपणच बाबांना देऊन त्यांचं नुकसान करतोय का? अपॉइंटमेंट अजून बारा दिवसांनी आहे.

बिनपगारी:
ताई, माझ्या सासऱ्यांची आम्ही बंद केली. पाय दुखायचे थांबले. कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच, उगाच खाली ओढायचं कशाला? महिनाभर बंद करून बघा.

औषधपाणी:
उंबरठा, आधी एक करा: वरचा सल्ला वाचून गोळी बंद करू नका. बिनपगारी, राग मानू नका. पाय दुखणं हे कारण खरं असू शकतं, पण तो विषय वेगळा. यांच्या वडिलांना स्टेंट आहेत. स्टॅटिन त्या रक्तवाहिन्यांसाठी चालू आहे, हार्ट फेल्युअरसाठी नाही.

आता तुम्ही वाचलंत त्याबद्दल. (मी एमडी मेडिसिन, हृदयाचा स्पेशालिस्ट नाही, पण असे पेशंट रोज बघतो.) वाचलंत ते खोटं नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या केंद्राने ११३४ पेशंटचा अभ्यास छापला, त्यात सगळ्यात कमी कोलेस्टेरॉल असलेल्यांचं भवितव्य सगळ्यात वाईट होतं. पुढच्या वर्षी युरोपातून तसंच आलं: कोलेस्टेरॉल साधारण ३९ मिलिग्रॅमने जास्त असेल तर जगण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी जास्त.

पण यातून 'कोलेस्टेरॉल कमी केलं म्हणून माणूस गेला' असं निघत नाही. आधी माणूस खंगतो, मग कोलेस्टेरॉल उतरतं. हृदय मागे साचलेलं रक्त पुढे ढकलू शकत नाही, तेव्हा लिव्हर फुगतं आणि त्याचं काम मंदावतं, कोलेस्टेरॉल बनवणंही त्यातच आलं. आतड्याच्या भिंतीला सूज येते, भूक मरते, अन्न नीट शोषलं जात नाही. शरीरात सतत धुमसणारी सूज असते, तीही आकडा खाली आणते. एक तर्क असाही आहे की सुजलेल्या आतड्यातून जंतूंचं विष रक्तात झिरपतं आणि कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण त्याला बांधून ठेवतात, म्हणजे ते थोडे जास्त असलेले बरे. तर्क रंजक आहे, पण त्यावर कोणी औषध बदलत नाही.

'स्टॅटिनने नुकसान होतं का' हे मात्र थेट तपासून झालंय. २००७ चा कोरोना ट्रायल (रोगाच्या खूप आधीचं नाव!): साठीच्या पुढचे ५०११ पेशंट, सगळ्यांना तुमच्या वडिलांसारखाच रक्तवाहिन्यांचा त्रास, अर्ध्यांना रोसुव्हास्टॅटिन १० (हीही स्टॅटिनच). एलडीएल सरासरी १३७ वरून ७६ वर आलं. हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक, स्ट्रोक मिळून गोळीवाल्यांत ६९२ आणि बिनगोळीवाल्यांत ७३२ जणांना, म्हणजे ठोस फरक नाही. हॉस्पिटलच्या वाऱ्या मात्र थोड्या कमी. २००८ मध्ये इटलीतल्या साडेचार हजारांवर पेशंटमध्येही तेच: मृत्यू गोळीवाल्यांत २९ टक्के आणि बाकीच्यांत २८ टक्के. कोलेस्टेरॉल इतकं खाली आणूनही मृत्यू वाढले नाहीत. म्हणून नुसत्या हार्ट फेल्युअरसाठी स्टॅटिन नव्याने सुरू करत नाहीत, पण अटॅक किंवा स्टेंटमुळे आधीपासून चालू असेल तर थांबवतही नाहीत.

मला खटकतंय ते ६२ नाही. स्टेंटवाल्याचं एलडीएल ७० च्या आत हवंच असतं. खटकतंय ते हे की गोळी तीच, डोस तोच, तरी वर्षात टोटल ४४ ने उतरलं. वजन काय म्हणतंय?

उंबरठा:
वजन ६४, वर्षभर तेवढंच. म्हणूनच निर्धास्त होतो. पण आता तुम्ही विचारलंत म्हणून... पट्टा दोन भोकं आत गेलाय. दंड बारीक झालेत. चार घास खाल्ले की पोट भरलं म्हणतात. आम्हाला वाटलं पथ्य पाळताहेत.

औषधपाणी:
काट्याला मांस आणि पाणी वेगळं कळत नाही. एक गेलं आणि दुसरं साचलं तर आकडा तोच राहतो. चार घासांत पोट भरणं हे बहुतेक वेळा साचल्याचं लक्षण. बारा दिवस थांबू नका, उद्या फोन करा आणि हे तिन्ही, पट्टा, दंड, घास, असेच सांगा. रात्री दम लागून उठत असतील किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर फोनही नको, सरळ घेऊन जा. आणि अमिओडॅरोन (ठोके नियमित ठेवणारी गोळी) चालू आहे का? त्याने कधी कधी थायरॉइड वाढतं, त्यातही कोलेस्टेरॉल उतरतं आणि माणूस वाळतो.

उंबरठा:
आहे! जानेवारीपासून. यादीत लिहायची राहिली.

औषधपाणी:
मग टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करायला सांगा. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) हेही.

बिनपगारी:
मी माझा सल्ला मागे घेतो. सासऱ्यांना स्टेंट नव्हते, हे लिहायला हवं होतं.

उंबरठा (नऊ दिवसांनी):
दुसऱ्याच दिवशी बोलावलं. टीएसएच नॉर्मल. अल्ब्युमिन ३.१, म्हणजे कमी. मानेची शीर फुगलेली होती, लिव्हर हाताला लागत होतं. टॉर्सेमाइड वाढवली, चार दिवसांनी किडनी आणि पोटॅशियम बघितलं, ठीक आहे. वजन आज ६० भरलं. म्हणजे ६४ पैकी चार किलो पाणीच होतं, आणि बाबा वर्षभरात खरे चार किलो वाळले होते, आमच्या डोळ्यांदेखत. डॉक्टर म्हणाले, सूज सोडून वर्षात ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर ते गांभीर्याने घ्यायचं, हे ६ च्या वर आहे. अटोर्व्हास्टॅटिन तशीच ठेवली. किडनीला झेपेल इतकं प्रोटीन वाढवायचं, थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं, आणि खुर्चीतून उठ-बस, हलकी वजनं उचलणं असा व्यायाम फिजिओने शिकवलाय. लिपिड तीन महिन्यांनी परत, या वेळी आकडा थोडा वर गेला तर वाईट वाटून घेऊ नका म्हणाले.

भवितव्याबद्दल मी विचारलंच. म्हणाले, कोलेस्टेरॉलवरून मी ते सांगणार नाही. ईएफ, प्रो-बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी), किडनी, चालताना किती दम लागतो आणि किती खातात, हे सगळं मिळून सांगतं.

बाबा थोडे हिरमुसलेत, पथ्याचं कौतुक हातचं गेलं म्हणून. पण रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहितात. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचाय. शेजारच्या रकान्यात त्यांनी स्वतःहून पट्ट्याचं भोक लिहायला सुरुवात केलीय.